घर पळतं, पण थरथरतं

प्रश्न : निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी हौसेनं एक वापरलेलं मोटारहोम घेतलं. ३१ फूट लांब, फोर्ड ई-४५० चासीवरचं. पुढे दोन चाकं, मागे जोडचाकं धरून चार. गाडी फार चाललेली नाही, टायरची नक्षी नव्यासारखी आहे. पण ताशी ५५ मैल ओलांडले की स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि कपाटातली भांडी वाजतात. शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते. जवळच्या एका टायरच्या दुकानानं पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं, मागच्यांना हात लावला नाही. अलाइनमेंटच्या रॅकवर एवढी गाडी बसतच नाही म्हणाले. ओळखीचे लोक तीन दिशांनी सांगतात : टायरमध्ये काचेचे मणी टाका, स्टिअरिंगला डॅम्पर बसवा, अलाइनमेंट केल्याशिवाय घराबाहेर पडू नका. उन्हाळ्यात यलोस्टोनला जायचा बेत आहे. आधी काय करावं?
— एक वाचक, इलिनॉय, अमेरिका

उत्तर : आधी गाडी वजनकाट्यावर न्या. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, मणी, डॅम्पर हे सगळं नंतर.

याचं कारण तुमच्या गाडीच्या जन्मात आहे. फोर्ड कंपनी मोटारहोमसाठी ई-४५० विकते ती चालकाच्या केबिनपुरती. केबिनच्या मागे उघडी फ्रेम आणि तिच्याखाली चाकं, बस्स. अमेरिकी कायद्याच्या भाषेत ते ‘अपूर्ण वाहन’. ते दुसऱ्या कारखान्यात जातं आणि तिथे त्याच्यावर स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या आणि जनरेटर चढतो. म्हणजे चासीवर चाकांचे कोन पहिल्यांदा जुळवले गेले तेव्हा वर घर नव्हतंच. घर चढल्यावर स्प्रिंगा दबल्या आणि कोन बदलले. ते पुन्हा तपासून घेण्याची जबाबदारी कागदोपत्री कुणाचीही असो, ती बहुतेक वेळा मालकाच्याच गळ्यात पडते. ‘कारखान्यातून अलाइन होऊन आली आहे’ हे विक्रेत्याचं वाक्य खोटं नसतं. फक्त ते तुमच्याकडे असलेल्या गाडीबद्दल नसतं, तिच्या पोटातल्या चासीबद्दल असतं.

आता वजनाचा हिशेब पाहा. अलीकडच्या ई-४५० ची एकूण वजनमर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६,५८० किलो. पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा साधारण ५,००० पौंड आणि मागच्याची ९,६००. तुमच्या गाडीचे नेमके आकडे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतील, तेच खरे धरा. या चासीवर नेहमी येणारा टायर एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज ई. ८० पीएसआय हवेवर हा टायर एकटा असेल तर २,६८० पौंड पेलतो, जोडीत असेल तर २,४७०. मागच्या चौघांची बेरीज ९,८८० पौंड. अ‍ॅक्सलच्या मर्यादेपेक्षा फक्त २८० पौंड जास्त, म्हणजे चार टायर मिळून सव्वाशे किलोच्या आसपास शिल्लक! तीही चारही टायरमध्ये पूर्ण हवा असेल तर. आतल्या चाकाची हवा थोडी उतरली की ही शिल्लक कागदावरच राहते.

काटा शोधायला लांब जावं लागत नाही. मोठ्या ट्रक स्टॉपवर ‘कॅट स्केल’चे काटे असतात. ही कंपनी १९७७ मध्ये आयोवातल्या वॉलकॉट इथे सुरू झाली. इलिनॉयहून इंटरस्टेट ८० धरून पश्चिमेला निघालात तर जगातला सर्वांत मोठा म्हणवून घेणारा ‘आयोवा ८०’ ट्रक स्टॉप तिथेच लागतो. पण वजन निघायच्या दिवशी वाटेत करू नका, आधीच एखाद्या जवळच्या काट्यावर करा. आणि गाडी जशी प्रवासाला निघेल तशीच भरून न्या : पाण्याची टाकी भरलेली, पेट्रोल भरलेलं, डबेबाटल्या आणि पांघरुणं आत, तुम्ही दोघं जागेवर. ५० गॅलनची पाण्याची टाकी म्हणजेच १९० किलो होतात. रिकाम्या गाडीचं वजन करून आलेले लोक मला पुष्कळ भेटतात आणि ते त्या पावतीवर फार विसंबून असतात.

या काट्यावर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं कळतं, डाव्या-उजव्या बाजूचं कळत नाही. मोटारहोममध्ये मात्र फ्रिज, जनरेटर आणि बाहेर सरकणारी खोली बऱ्याचदा एकाच बाजूला येतात. प्रत्येक चाकाचं वेगळं वजन हवं असेल तर टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन इथे ‘एस्केपीज’ या मोटारहोमवाल्यांच्या क्लबकडे तशी सोय आहे. नाही जमलं तर अ‍ॅक्सलच्या आकड्यावर तरी थांबू नका. निम्म्या वजनापेक्षा जड बाजू असणार हे गृहीत धरूनच हवा ठरवा.

पुढच्या अ‍ॅक्सलचा आकडा विशेष लक्ष देऊन वाचा. तुमच्या गाडीत दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर साडेपाच मीटरच्या आसपास असेल आणि मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबणारा भाग तीनेक मीटरचा. समजा, मागच्या अ‍ॅक्सलच्या पावणेतीन मीटर मागे, शेवटच्या कप्प्यात, तुम्ही १०० किलो सामान ठेवलं. मागच्या अ‍ॅक्सलवर वाढतात सुमारे १५० किलो आणि पुढच्यावरचे ५० कमी होतात. पुढची चाकं हलकी होणं म्हणजे स्टिअरिंगची रस्त्यावरची पकड कमी होणं. मागच्या कप्प्यातली हत्यारांची पेटी आणि खुर्च्या पुढे हलवून गाडीचं भरकटणं निम्म्यावर आलं, असं होऊ शकतं, आणि त्याला एक सेंटही लागत नाही.

वजन कळलं की हवा. टायर कंपन्या वजन आणि हवेचे तक्ते देतात. त्यात अ‍ॅक्सलच्या जड बाजूचं वजन शोधा, येणारी हवा दोन्ही बाजूंना सारखीच भरा आणि थोडी वर ठेवा. मोजमाप नेहमी सकाळी, गाडी हलवण्याआधी. हवामान १० अंश सेल्सिअसनं बदललं तर ८० पीएसआयच्या टायरमध्ये तीन पीएसआयहून थोडा जास्त फरक पडतो. इलिनॉयच्या उकाड्यात भरलेली हवा वायोमिंगच्या थंड पहाटे कमी दाखवेल, तेव्हा गोंधळू नका. जोडचाकांमधला आतला टायर बाहेरून दिसत नाही. ट्रकवाले काठीनं टायर ठोकून बघतात, पण ६५ आणि ८० पीएसआयमधला फरक काठीला कळत नाही. आतल्या व्हॉल्वला चांगली धातूची नळी बसवून घ्या आणि गेज वापरा.

आता थरथर. ती कुठे जाणवते ते आधी ठरवा. हातात म्हणजे स्टिअरिंगमध्ये जाणवली तर बहुधा पुढची चाकं. बुडाखाली, सीटमध्ये आणि जमिनीत जाणवली तर मागची. भांडी वाजतात म्हणता, म्हणजे मागेही काहीतरी आहे असं मी धरून चालेन. तुमचा टायर साधारण ७४४ मिलिमीटर व्यासाचा. ताशी ६० मैलांवर तो सेकंदाला साडेअकरा वेळा फिरतो. त्याची थरथर मोजता येईल इतकी संथ असते, धक धक धक अशी. पण ई-४५० च्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये दात्यांचं प्रमाण ४.५६ असतं. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट त्याच वेगाला सेकंदाला पन्नासहून अधिक फेरे मारतो आणि त्याची तक्रार गुणगुणल्यासारखी, पायाला झिणझिण्या आणणारी असते. लांब चासीत हा शाफ्ट तुकड्या-तुकड्यांचा असतो आणि मधे बेअरिंग असतात. ती गेलेली असतील तर चाकांवर कितीही वजनं लावा, गुणगुण जाणार नाही. ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर ते तिसरंच प्रकरण, ब्रेकच्या डिस्कचं.

चाकच दोषी ठरलं तर बॅलन्सिंगचा अर्थ आकड्यांत समजून घ्या. टायरच्या कडेला एका ठिकाणी १०० ग्रॅम जास्त असतील तर ताशी ३० मैलांवर ते चाकाला पाच किलोच्या जोरानं बाहेर खेचतात, ६० मैलांवर जवळजवळ २० किलोच्या, ७० वर २७. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. आणि सेकंदाला अकरा-बारा हिसके हा वेग पुढच्या सस्पेन्शनच्या स्वतःच्या डोलण्याच्या वेगाजवळ येतो, म्हणून गावात गाडी शहाणी असते आणि महामार्गावर ५५ च्या पुढे बिथरते. वाण्याच्या तराजूला पासंग लावतात तसं रिमवर वजन लावून हा फरक मोडायचा असतो. फक्त रिम टायरपेक्षा लहान, त्यामुळे कडेवरच्या १०० ग्रॅमसाठी रिमवर १८० ग्रॅमच्या आसपास लावावे लागतात. मशीन जर वजनांची माळच मागत असेल तर कारागिराला थांबवा. टायर रिमवरून सोडवून अर्धा फेरा फिरवून परत बसवायला सांगा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो तो हलकी जागा दाखवतो आणि व्हॉल्वसमोर यायला हवा. लाल ठिपका असेल तर टायरची सर्वांत ताठ, उंच जागा तिथे असते, आणि ती रिमच्या खोलगट जागेसमोर बसवतात. घाईच्या दुकानात ठिपक्यांकडे कुणी बघत नाही.

तुमच्या दुकानानं पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग ‘करून दिलं’, तरी थरथर आहे. याची दोन कारणं संभवतात. एक, ई-४५० चं रिम जाड, आठ नटांचं, मधोमध मोठं भोक असलेलं. ते मोटारीच्या चाकाचे शंकू वापरून मशीनवर बसवलं तर मधोमध बसत नाही. मग मशीन चुकीच्या केंद्राचा हिशेब काढतं आणि चाक मशीनवर शून्य दाखवून रस्त्यावर नाचतं. दुसरं, गाडी महिनोन् महिने एका जागी उभी असते. साडेसहा टनांच्या भाराखाली टायर खालून चपटा होतो. असा टायर थंड असताना थरथरतो, वीसेक मैल चालून गरम झाला की बऱ्याचदा गप्प बसतो. तुमची थरथर पहिल्या अर्ध्या तासानंतर कमी होते का? होत असेल तर बॅलन्सिंगचे पैसे आधीच का द्यायचे? आणि करायचंच असेल तर चाकं गरम असताना, गाडी थेट महामार्गावरून दुकानात नेऊन करा.

टायर वजनानं समतोल असूनही पूर्ण गोल नसला, किंवा त्याच्या आतला पट्टा सरकलेला असला, तर साधं मशीन ते पकडू शकत नाही. त्यासाठी टायरवर मोठा रोलर दाबून, रस्त्यावरचा भार आणून चाक फिरवणारं मशीन लागतं. त्याला रोड फोर्स म्हणतात. सेंट लुईसची हंटर कंपनी यात जुनी. मोटारहोमच्या चाकासाठी असं मशीन असलेलं दुकान गाठा, थोडं लांब पडलं तरी.

मण्यांबद्दल. काचेचे बारीक मणी टायरच्या आत सुटे टाकतात आणि चाक फिरताना ते आपोआप हलक्या बाजूला जमतात, असं सांगतात. तत्त्व खोटं नाही, पण त्याला अट आहे. फिरणारी वस्तू तिच्या स्वतःच्या डोलण्याच्या वेगापेक्षा बऱ्याच वरच्या वेगानं फिरत असेल तरच सुटी वजनं योग्य बाजूला जातात. तुमची पुढची चाकं महामार्गावर नेमकी त्या वेगाच्या आसपास फिरतात. आत ओल असेल तर मणी गोळा होऊन चिकटतात आणि हवेच्या व्हॉल्वमध्ये अडकतात. टायर वाकडा असेल तर मणी तो सरळ करत नाहीत. मागच्या आतल्या चाकासाठी, जिथे पुन्हा पुन्हा चाक उतरवणं नकोसं होतं, तिथे कुणी वापरत असेल तर मी भांडणार नाही. पुढच्या चाकात टाकू नका. आणि वजनं लावून घेताना ती कशाची आहेत ते विचारायला हरकत नाही. कॅलिफोर्नियानं २०१० पासून आणि वॉशिंग्टन राज्यानं २०११ पासून शिशाची वजनं बंद केली आहेत. जस्ताची आणि पोलादाची वजनं सगळीकडे मिळतात.

मागच्या चौघांना हात न लावणं मला पटत नाही. ती चाकं उतरवणं कटकटीचं असतं हे खरं. पण उतरवल्यावर दोन्ही जोड्यांचे टायर व्यासात जुळतात का तेही बघून होतं. एका जोडीत पाव इंचाहून जास्त फरक असेल तर मोठा टायर सगळा भार घेतो आणि छोटा घासटत जातो. चाकं परत बसवल्यावर नट टॉर्क रेंचनंच आवळून घ्या. ई-४५० ला १४० फूट-पौंड लागतात. पहिल्या १०० मैलांच्या आत थांबून पुन्हा तपासा. जोडचाकांमध्ये नट बसून पुन्हा ढिले होण्याची शक्यता जास्त असते आणि हे काम दुसऱ्यावर सोपवायचं नाही.

मग अलाइनमेंट. तुमच्या चासीचं पुढचं सस्पेन्शन ट्विन आय-बीम, म्हणजे दोन चाकांना दोन वेगळे लांब बीम, प्रत्येक पलीकडच्या बाजूला टांगलेला. फोर्डनं हे १९६५ साली पिकअप ट्रकांत आणलं आणि ते दणकट आहे. फक्त त्यात एक खोड आहे. स्प्रिंग दबली की चाक वरून आत कलतं, उचलली की बाहेर. म्हणजे गाडीवर किती भार आहे त्यावर चाकाचा उभा कोन, कॅम्बर, ठरतो. आता कळलं असेल मी वजनावर का अडून बसलो! रिकामी गाडी अलाइन करून घेतली आणि नंतर त्यात संसार भरला, तर अलाइनमेंट दुकानातच राहिली.

तीन कोनांपैकी टायर खाणारा कोन म्हणजे टो, चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं. टोमध्ये एकूण ३ मिलिमीटरची चूक असेल तर प्रत्येक पुढचा टायर दर किलोमीटरला सुमारे दोन मीटर आडवा फरफटतो. नक्षीवरून हात आडवा फिरवा. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट फिरवला तर खरखरीत लागला, की टो चुकला आहे. फक्त एक कड खाल्ली असेल तर कॅम्बर, दोन्ही कडा तर हवा कमी, मधोमध तर हवा जास्त. जागोजागी वाट्यांसारखे खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर गेलेत किंवा बॅलन्सिंग बिघडलंय.

तिसरा कोन कॅस्टर. टायर फारसे खात नाही म्हणून दुकानदार त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि भरकटण्याच्या तक्रारीत मुख्य तोच असतो. ज्या आसाभोवती चाक वळतं तो आस वरून मागे किती कललेला आहे, तो हा कोन. तो जास्त असला की स्टिअरिंग सोडल्यावर चाकं आपण होऊन सरळ होतात. या चासीवर मोटारहोमची कामं करणारे कारागीर तो ५ अंशांजवळ नेतात. स्टिअरिंग किंचित जड होतं, पण पॉवर स्टिअरिंगमध्ये ते जाणवत नाही. ई-४५० वर कॅम्बर आणि कॅस्टर बदलायला बॉल जॉइंटजवळची छोटी तिरकी बुशं बदलावी लागतात. नुसता पाना फिरवून ते होत नाही. त्यामुळे ‘बाकी सगळं ठीक आहे, टो करून दिला’ असं ऐकलं की समजा, बुशांना हात लागलेला नाही. अमेरिकेत रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी उजवीकडे उतरता असतो. गाडी उजवीकडे ओढू नये म्हणून डाव्या चाकाचा कॅस्टर साधारण अर्ध्या अंशानं कमी ठेवतात. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटआधी पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. ओढ बाजू बदलते का? बदलली तर दोष टायरचा.

दुकान शोधाल ते मोटारींचं नको. ट्रकच्या फ्रेम आणि स्प्रिंगांचं काम करणारी दुकानं असतात. त्यांच्याकडे खड्डा किंवा मोठा रॅक असतो. मागचा अ‍ॅक्सल फ्रेमला काटकोनात आहे का तेही मोजायला सांगा. तो तिरका असेल तर पुढचे कोन कितीही अचूक असोत, गाडी खेकड्यासारखी चालेल. काम सुरू होण्याआधी जॅकवर चाकं उचलून बॉल जॉइंट, टाय रॉड आणि बेअरिंगची ढिलाई तपासून घ्या. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात जाते. आणि आधीचे आणि नंतरचे कोन, असे दोन्ही छापील कागद मागा. देत नसतील तर दुसरं दुकान.

राहिली ट्रकची ढकल. मोठा ट्रक येतो तेव्हा त्याच्या नाकासमोरची हवा तुमच्या गाडीच्या उंच, सपाट भिंतीवर आदळते. ट्रक पुढे गेला की मागची पोकळी ओढते. मागे लोंबणाऱ्या भागावर हा जोर आला की गाडी मागच्या चाकांभोवती वळू बघते. वजन, हवा आणि कॅस्टर नीट झाल्यावर हे कमी होतं, पूर्ण जात नाही. उरलेल्यासाठी मागे पॅनहार्ड रॉड बसवा, त्यानं पाट्यांच्या स्प्रिंगांवर घर आडवं हलायचं थांबतं. जाड अँटी-रोल बार आणि चांगले शॉक अॅब्सॉर्बरही उपयोगाचे. डॅम्पर सगळ्यांत शेवटी. पुढचा टायर फुटला तर हातातलं चक्र एकदम फिरू नये म्हणून तो चांगला, पण थरथर दाबायला बसवला तर तो खरा दोष लपवून ठेवतो आणि तुम्ही तो दोष यलोस्टोनपर्यंत नेता.

पण हे सगळं करण्याआधी टायरचा जन्म कधीचा ते बघा. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

प्रश्न : माझ्या टेक्ससमधल्या भावाच्या मोटारहोमचे टायर आठ वर्षांचे आहेत, पण नक्षी जवळजवळ पूर्ण आहे. दुकानदार सहाही बदलायला सांगतो. इथे पुण्यात आम्ही टायर गोटा होईपर्यंत वापरतो. त्याला गंडवत आहेत का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : नाही. मोटारीचा टायर झिजून संपतो, मोटारहोमचा वयानं. वर्षातून थोडे मैल, बाकी वेळ टेक्ससच्या उन्हात उभी. रबरात ऊन आणि ओझोनपासून वाचवणारी मेणासारखी द्रव्यं असतात. टायर फिरताना वाकला-दबला की ती पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरमध्ये येत नाहीत, आणि रबर बाजूंनी बारीक तडकत जातं. आतले पट्टे सुटायला लागलेले बाहेरून दिसतही नाहीत.

मिशलिनचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासावेत आणि दिसायला कितीही चांगले असले तरी दहा वर्षांनी काढून टाकावेत, स्टेपनीसुद्धा. काही वाहन कंपन्या सहा वर्षांनंतरच बदला म्हणतात. माझं मत विचाराल तर पुढचे दोन सातव्या वर्षापर्यंत बदलावेत. पुढचा फुटला तर सहा-सात टनांची गाडी हातात राहात नाही. मागे एक फुटला तर जोडीदार काही वेळ तरी भार घेतो. भावाचा दुकानदार पुढच्या दोघांबाबत नक्कीच बरोबर आहे. मागच्या चौघांसाठी एक हंगाम थांबायचं असेल तर आधी चाकं उतरवून आतून तपासून घ्यावीत.

वय वाचायला टायरच्या बाजूवर ‘डॉट’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक शोधायला सांगा. त्यातले शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर मागच्या शतकातला आहे, त्याला तिथेच निरोप द्या. पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो आणि जोडचाकांत ती बाजू नेमकी आत लपते. टॉर्च घेऊन गाडीखाली सरकायची तयारी ठेवावी लागते. विकत घेताना विक्रेत्यानं ‘नवे टायर’ म्हटलं, तर त्याचा अर्थ फार तर ‘न झिजलेले’ इतकाच घ्यावा. इलिनॉयच्या वाचकांनीही हे आजच बघावं. टायर आठ-नऊ वर्षांचे निघाले तर त्यांच्यावर बॅलन्सिंगचे पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं तेव्हापासून मनात होतं. आता एका मोठ्या व्हॅनला आतून पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. पुढचे टायर आतून खातात. हायवेवरचे ट्रक मेकॅनिक दोरी लावून अलाइनमेंट करतात. ती चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टोसाठी चालेल, आणि अनुभवी हातांनी केली तर चांगली होते. दोरी किंवा पट्टी लावून दोन्ही पुढच्या टायरच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे टो. मात्र दोरीला कॅम्बर आणि कॅस्टर दिसत नाहीत. आणि टायर आतूनच खात असतील तर मला तुमच्या बाबतीत कॅम्बरचाच संशय येतो. टाकी आणि ओटा चढल्यावर स्प्रिंगा दबल्या असणार. एकदा भरलेल्या गाडीचं वजनकाट्यावर वजन करा, चासीची मर्यादा ओलांडली नाही ना ते बघा आणि त्या वजनासह संगणकावरच्या अलाइनमेंटला न्या. त्यात स्प्रिंगेचं एखादं जादा पान घालायला सांगितलं तर घाला, पण मग कोन पुन्हा तपासावे लागतील.

दोरीनं करून घेणारच असाल तर एका गोष्टीवर लक्ष ठेवा. मोजण्याआधी गाडी दोन-तीन मीटर पुढे ढकलून थांबवली पाहिजे. थोडी जास्त पुढे गेली म्हणून मागे घेतली तर सांध्यांतली ढील उलट्या बाजूला जाते आणि माप चुकतं. अशा वेळी पुन्हा सुरुवातीपासून मागे नेऊन पुढे ढकलायला सांगा.